वेचणीचे चाळीस दिवस आणि मुलांची शाळा

खानदेशांतील शेतकऱ्यास नांग्या भरण्याचें महत्त्व कोणी शिकवावें लागत नाहीं. कपाशीची लागण झाल्यावर आठदहा दिवसांत तो ओळीओळीनें फिरतो, जेथें बीं उगवलें नाहीं तेथें पुन्हा टोकतो, आणि हें काम लांबलें तर मागून उगवलेलें रोप शेजारच्या वाढलेल्या झाडांच्या सावलींत खुरटतें, हेंही तो जाणून असतो. एवढी दक्षता जो आपल्या शेतांत बाळगतो, तोच मनुष्य आपल्या मुलाच्या शिक्षणांत पडलेल्या नांग्यांकडे वर्षानुवर्षें ढुंकूनही पाहत नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार दिवस खटकत आली आहे. तिजविषयीं आज चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे. विषय शिक्षणाचा असला तरी तो केवळ गुरुजींचा अगर सरकारचा नाहीं. तो आपल्या घरचा व आपल्या बांधावरचा आहे, म्हणूनच शेतकऱ्यांच्या या मासिकांत त्यास जागा मागत आहों.

प्रथम पंचांग पाहूं. आपल्याकडे शाळेचें वर्ष जूनच्या मध्यास सुरू होतें, आणि कोरडवाहू कपाशीची पेरणीही त्याच सुमारास होते. दसऱ्याच्या मागेंपुढें पहिली वेचणी निघते. दिवाळीच्या सुटींत शेत पांढरें होतें, आणि सुटी संपून शाळा उघडली तरी वेचणी संपलेली नसते. मजूर वेळेवर मिळत नाहींत. भाव उतरण्याची भीति असते. एखादा अवकाळी पाऊस आला तर फुटलेल्या बोंडांतील कापूस भिजून मातीमोल होतो. अशा ओढाताणींत घरांतील दहाबारा वर्षांचें मूल डोळ्यांसमोर दिसतें, आणि ‘चार दिवस राहूं दे शाळा’ असें म्हणून त्यास शेतांत नेलें जातें. चारांचे आठ होतात, आठांचे पंधरा होतात, आणि पंधरांचे चाळीस केव्हां झाले हें कोणाच्याही ध्यानांत येत नाहीं.

आतां या चाळीस दिवसांचा हिशेब करूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. त्या कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षांत निदान २०० दिवस व सहावी ते आठवीच्या वर्गांस २२० दिवस शाळा भरली पाहिजे. दोनशेंतून चाळीस गेले म्हणजे वर्षाचा पांचवा हिस्सा गेला. अशा पांच वेचण्या झाल्या कीं पांच वर्षांच्या शाळेंतून पुरें एक वर्ष उडालें. पांचवी उतरलेलें मूल वस्तुतः चार वर्षेंच शिकलेलें असतें. कापसाच्या मापांत कोणी पांचवा हिस्सा कापून घेतला तर आपण त्याच्याशीं भांडूं, पंचांस बोलावूं, प्रसंगीं माल परत घरीं आणूं. येथें कापणारे आपणच असल्यामुळें भांडण करावयास कोणी उरत नाहीं.

बरें, गेलेले दिवस नुसते मोजून भागत नाहीं. ते कोणते दिवस होते हेंही पाहिलें पाहिजे. गणित हें पायरीपायरीनें चढावयाचें असतें. गुणाकार पक्का झाल्यावांचून भागाकार येत नाहीं, आणि भागाकारावांचून अपूर्णांक समजत नाहींत. मूल वेचणीस गेलें त्या दिवसांत वर्गांत भागाकार झाला. तें परत आलें तेव्हां फळ्यावर अपूर्णांक होते. तें कांहीं दिवस गोंधळून बसतें, मग गप्प बसतें, आणि शेवटीं शाळेंत जाण्यासच कंटाळतें. तेव्हां आपण चावडीवर बसून सांगतों कीं, ‘आमच्या पोराचें डोकें चालत नाहीं.’ डोकें चालत होतें. मधली पायरी आपण काढून घेतली. मूळ कायद्यांत आठवीपर्यंत कोणास मागें ठेवावयाचें नाहीं अशी तरतूद होती, त्यामुळें या नांग्या पुष्कळ वर्षें झांकलेल्या राहिल्या. २०१९ च्या दुरुस्तीनें राज्यांस मोकळीक मिळाली, आणि आपल्या राज्यांत पांचवी व आठवी या वर्गांस वार्षिक परीक्षा पुन्हा आली. आतां जें झांकलेलें होतें तें उघडें पडेल, आणि त्याचा दोष मुलाच्या माथीं मारला जाईल.

हें आम्ही परक्याच्या घराकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांस तें वर्ष विसरणें शक्य नाहीं. त्या वर्षीं आमची थोरली बहीण पांचवींत होती. विहिरीनें तळ गांठला; माय व वडील दोघेही खडी फोडण्याच्या कामावर जाऊं लागले; धाकट्या दोन भावंडांस सांभाळण्यास घरीं कोणी नाहीं, म्हणून तिला शाळेंतून काढलें. ‘पुढल्या सालीं पुन्हा घालूं,’ असें वडील म्हणाले, आणि तें ते मनापासून म्हणाले होते. पुढें पाऊस झाला, विहिरीस पाणी आलें, शेत पिकलें. परंतु तोंवर बहीण घरकामांत, निंदणींत व वेचणींत इतकी उपयोगी पडूं लागली होती कीं, तिला पुन्हा शाळेंत घालणें हेंच सर्वांस नुकसानीचें वाटूं लागलें. तिचें दप्तर पुढें आम्हीच शाळेंत नेलें. ती आमच्याहून हुशार होती. पाढे आम्हांस तिनेंच शिकविले. आज ती साठी ओलांडून गेली आहे. बँकेच्या कागदावर ती सही करते. पण त्यांत काय लिहिलें आहे हें वाचून घेण्यासाठीं नातवास हांक मारते. पांचवीपर्यंतचें वाचन वापराअभावीं केव्हांच गंजून गेलें. दुष्काळ एका वर्षाचा होता. तिच्या शिक्षणाचा दुष्काळ जन्माचा झाला. वडिलांस दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. त्यांस दुसरा मार्ग दिसत नव्हता. परंतु आज ज्यांच्या शेतांत ठिबक आहे, दारांत दुचाकी आहे व खिशांत मोबाईल आहे, त्यांस तीच सबब पुढें करतां येईल काय, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा.

हा रोग जुना आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें, त्यांत बारा वर्षें वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी होती. शेतकऱ्यांचीं मुलें शाळेंत कां टिकत नाहींत याचें कारणही त्यांनीं सांगितलें होतें. दारिद्र्य हें तर एक कारण होतेंच, आणि त्याच्या जोडीस गुरें राखण्यास व शेत सांभाळण्यास मुलांचा होणारा उपयोग हें दुसरें. मुलांस शेतीचें प्राथमिक ज्ञान द्यावें व शिक्षक शेतकरीवर्गांतून घ्यावे, असेंही त्यांचें म्हणणें होतें. त्या निवेदनास आतां १४० हून अधिक वर्षें झालीं. या अवधींत गांवोगांव शाळा झाल्या, शिक्षण सक्तीचें व मोफत झालें, सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकें फुकट मिळूं लागलीं, दुपारचें जेवण शाळेंत मिळूं लागलें. सरकारकडे मागावयाचें होतें त्यांतील पुष्कळसें पदरांत पडलें. जें कोणतेंही सरकार देऊं शकत नाहीं, तेवढें मात्र शिल्लक राहिलें आहे. तें म्हणजे मूल रोज शाळेंत जाईल व घरीं आल्यावर त्याच्या शिक्षणाची कोणी चौकशी करील, याची हमी. ती हमी घरानेंच द्यावयाची आहे.

यावर आमचे कांहीं बंधु म्हणतील, ‘आम्हांस काय येतें? घरांत बायामाणसें अडाणी, आम्हीं कशीबशी सातवी केलेली. हल्लींचीं पुस्तकें आमच्यानें समजत नाहींत.’ या शंकेचें उत्तर खानदेशांत तरी दूर शोधावयास नको. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं जळगांवजवळच्या असोद्यास झाला. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, शेत व घर दोन्हीं अंगावर पडलीं. तरी त्यांचे चिरंजीव सोपानदेव शिकले व मराठींत कवि म्हणून नांवारूपास आले. मुलाच्या हातांत पुस्तक असतांना आईनें तें वाचूं शकलेंच पाहिजे असें नाहीं. त्या पुस्तकास घरांत मान असला पाहिजे, हें या एका घरानें दाखवून दिलें. या गोष्टीची दुसरी बाजू तर आणखी विचार करण्यासारखी आहे. शेतांत व घरांत काम करतां करतां बहिणाबाईंच्या तोंडून निघालेलीं गाणीं सोपानदेव व त्यांचे मावसबंधु पितांबर चौधरी यांनीं लिहून घेतलीं. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्या, आणि १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रापुढें आलीं. घरांत लिहितीं मुलें नसतीं तर तें धन त्यांच्याबरोबरच गेलें असतें. आज जळगांवचें विद्यापीठ त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. निरक्षर आईनें मुलास शाळेची वाट दिली, आणि शिकलेल्या मुलानें आईचे शब्द जगास दिले. घर आणि शाळा यांचा संबंध कसा असावा, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

हें एकाच असामान्य घराचें उदाहरण झालें असें कोणी म्हणेल, म्हणून साध्या घरांचेंही सांगतों. बिहार व राजस्थान येथील खेड्यांत झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. तींत कांहीं गांवांतून आयांसाठीं अक्षरवर्ग चालविले होते. कांहीं गांवांतून आयांनीं मुलांबरोबर घरीं करावयाच्या लहान लहान कृतींचे कागद त्यांस देऊन त्या समजावून सांगितल्या होत्या. या आयांपैकीं बहुतेक कमी शिकलेल्या अथवा निरक्षरच होत्या. तरीही त्यांच्या मुलांची गणितांतील प्रगति इतर गांवांपेक्षां थोडी, पण मोजतां येण्याजोगी अधिक झाली. हा जादूचा प्रयोग नव्हे. लाभ लहानच होता. पण आईनें मुलाजवळ बसणें, एवढ्यानेंही फरक पडतो, ही गोष्ट त्यावरून दिसून येते.

तेव्हां घरानें करावयाचें तरी काय, याचा आतां विचार करूं. पहिली गोष्ट वेळेची. दिवेलागणीनंतरचा एक तास मुलाचा म्हणून राखून ठेवावा. त्या तासांत त्यास दुकानावर पिटाळूं नये, गुरांस वैरण टाकावयास उठवूं नये, आणि घरांतील मोठ्यांनीं दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवावा. मुलास गप्प बसून वाच असें सांगावयाचें आणि आपण शेजारीं मोबाईलवर चित्रें पाहत हसावयाचें, याला अभ्यासाची सोय म्हणत नाहींत. पाण्याची पाळी आली कीं आपण मध्यरात्रीं उठून शेतांत जातों, कारण पाळी चुकली तर पीक सुकतें. मुलाचा हा तास अशीच पाळी आहे असें समजावें.

दुसरी गोष्ट विचारपूस. मुलानें धडा मोठ्यानें वाचावा व आपण ऐकावा. नंतर ‘आतां हें तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावें. ऐकणाऱ्यास अक्षरओळख नसली तरी मूल अडखळतें कोठें, घाईनें गाळतें काय, हें कळल्यावांचून राहत नाहीं. येथें आपल्या बोलीचा मुद्दा येतो. आपल्याकडे कोणाच्या घरीं अहिराणी, कोणाकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याशीं कोणाकडे पावरी अगर भिलोरी बोलतात. शाळेचें पुस्तक मात्र प्रमाण मराठींत असतें. पहिलीदुसरींतलें मूल पुष्कळदां विषयानें अडत नाहीं, शब्दानें अडतें. अशा वेळीं ‘आज शाळामा काय शिकना रे भाऊ?’ असें आजीनें विचारलें आणि नातवानें तें आपल्या बोलींत सांगितलें, तर त्यास धडा समजला कीं नाहीं हें तेथल्या तेथें ठरतें. घरच्या बोलीची लाज बाळगूं नये. बोली ही शाळेकडे जाणारी पायवाट आहे. ती बुजविली तर लहान मूल मोठ्या रस्त्यापर्यंत पोंचावयाचें कसें?

तिसरी गोष्ट, शेतीच्या कामांतूनच शिक्षण साधावें. मुलांस शेताचा वाराही लागूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. शेतकऱ्याच्या मुलानें माती ओळखली पाहिजे. परंतु त्याच्या वयास व शाळेस शोभेल असें काम त्यास द्यावें. वेचणीची वही पांचवीसहावींतील मुलाच्या स्वाधीन करावी. संध्याकाळीं प्रत्येक बाईचा कापूस तोलून होतो, त्या वेळीं त्यानें नांव, वजन व दर मांडावा, ज्याची त्याची मजुरी काढावी, एकूण किलोंचे क्विंटल करावे, आणि आठवड्याच्या बाजारादिवशीं सर्वांची बेरीज वडिलांस वाचून दाखवावी. गुणाकार, दशांश, बेरीज हीं सारीं त्यांत आलीं. चूक झाली तर मजूर बायाच ती दाखवून देतील. दिवसभर उन्हांत कापूस वेचून तें मूल जें कमावील, त्याहून या अर्ध्या तासांत घराचा व त्याचा अधिक लाभ होईल.

चौथी गोष्ट शाळेशीं संबंध ठेवण्याची. आपण कृषि सेवा केंद्रावर हंगामांत दहा वेळां जातों, शाळेंत मात्र मुलाचें नांव घालण्यास जातों तें पुढें दाखला काढण्यासच. वर्षांतून निदान तीन वेळां शाळेंत जावें : एकदां जूनमध्यें, एकदां दिवाळीनंतर आणि एकदां संक्रांतीनंतर. गुरुजींस दोनच प्रश्न विचारावे : ‘माझें मूल न अडखळतां वाचतें काय?’ आणि ‘गणितांत तें कोणत्या पायरीवर अडलें आहे?’ जेथें नांगी दिसेल ती त्याच महिन्यांत भरून घ्यावी. एप्रिलपर्यंत थांबूं नये. शिवाय कायद्यानें प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिति नेमावी लागते. तींत तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्मे सभासद स्त्रिया असाव्या लागतात. ही समिति गांवांतील राजकारणाचा आखाडा न होतां, कोणतें मूल किती दिवस आलें नाहीं व कां आलें नाहीं, याचा विचार करील तर तिच्या हातून मोठें काम होईल. नुसत्या सह्या करण्यासाठीं तेथें जाऊं नये.

मुलींविषयीं वेगळें लिहावें लागतें याचा खेद वाटतो, पण लिहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. मुलगा वेचणीस गेला तर दिवाळीनंतर कधींतरी शाळेंत परततो. मुलीस मात्र वेचणीबरोबर धाकटें भावंड, स्वयंपाक व पाणी हींही चिकटतात, आणि तिचें परतणें लांबत जातें. सातवीपर्यंत शाळा गांवांत असते. हायस्कूल तालुक्याच्या अगर शेजारच्या गांवीं असलें कीं ‘मुलीची जात, रोज कोठें पाठवावयाची’ असा विचार सुरू होतो. खेड्यांतील मुलींस शाळेंत जाण्यासाठीं एस. टी.चा पास मोफत मिळतो. चार घरच्या मुली एकत्र जाऊं लागल्या कीं काळजीही निम्मी होते. अठरा वर्षांच्या आंत मुलीचें लग्न करणें हा गुन्हा आहे, हें आपणांस माहीत आहे. तिला शाळेंतून काढणें ही त्या गुन्ह्याची पहिली पायरी असते, हेंही माहीत असूं द्यावें.

आतां नेहमीच्या आक्षेपाकडे वळूं. ‘शिकून काय होणार? नोकऱ्या आहेत कोठें? शिकलेला मुलगा शेताचा राहत नाहीं आणि साहेबही होत नाहीं.’ या बोलण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पदवी घेऊन पारावर बसलेले तरुण आम्हींही पाहतों. परंतु शिक्षण नोकरीसाठींच असतें ही समजूतच चुकीची आहे. आज शेतींत अडाणीपणा जितका महाग पडतो तितका तो पूर्वीं कधीं पडला नसेल. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो आणि त्यावरून विषाची तीव्रता कळते. हें ज्यास वाचतां येत नाहीं, तो फवारणी करतांना स्वतःचा जीव धोक्यांत घालतो. माती परीक्षणाचा कागद, ठिबकांतून द्यावयाच्या खताचें प्रमाण, पीक विम्याच्या अटी, सातबाऱ्यावरील बोजा, हें सर्व वाचून समजून घ्यावयाचें असतें. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें राज्यांतील कपाशीची काय दशा केली हें आपण विसरलों नाहीं. कामगंध सापळे लावा, वेळेवर पीक काढून टाका, फरदड ठेवूं नका, असा सल्ला कृषिशास्त्रज्ञ तेव्हांपासून देत आले आहेत. फरदडीच्या मोहानें कपाशी मार्चपर्यंत शेतांत उभी राहते, अळीस पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, आणि वेचणी लांबल्यामुळें मुलाची शाळाही लांबते. फरदड सोडली तर शेत व मूल दोहोंचेंही कल्याण होतें, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों.

दुसरे कांहीं बंधु याच्या उलट टोकाचे आहेत. ते मुलास तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत घालतात, गाडी लावतात, शिकवणी लावतात, आणि एवढा पैसा ओतला कीं आपलें कर्तव्य संपलें असें समजतात. पैसा लागतो, तो खर्चावाही. पण खत टाकून शेताकडे न फिरकणाऱ्या मनुष्याचें पीक कसें येतें हें आपण जाणतों. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. गांवोगांवचीं मुलें तेथील छात्रालयांत राहत. त्यांची देखरेख गुरुजींकडे होती. मुलांसाठीं ते स्वतःच्या हातानें दैनिक लिहून काढीत, आणि आईच्या मायेनें मुलांचें सर्व पाहत. घर सोडून आलेल्या मुलास पुस्तकाइतकीच मायेचीही गरज असते, हें त्यांनीं ओळखलें होतें. आपलीं मुलें आज जळगांवास, धुळ्यास, नाशिकास खोली घेऊन राहतात. त्यांस दरमहा पैसे पाठवितांना एकदां स्वतः जाऊन भेटणें, तें काय खातें व कोणाच्या संगतींत आहे हें पाहणें, गुण कमी पडले तर चारचौघांत पाणउतारा न करतां अडलें कोठें तें विचारणें, हें सर्व आईबापांचेंच काम आहे. ज्या मुलास घरीं ‘ढ’ म्हणतात, तें बाहेरही स्वतःस तसेंच समजूं लागतें.

शेवटचा मुद्दा आपल्या घराबाहेरचा असला तरी आपल्याच बांधाच्या आंतला आहे. आपलें मूल शाळेंत पाठवून आपण मजुराचें मूल वेचणीस लावलें, तर आपण कांहींच शिकलों नाहीं असें होईल. बालमजुरीच्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यांत कामास ठेवण्याची मनाई झाली आहे. स्वतःच्या कुटुंबाच्या कामांत शाळेची वेळ सोडून व सुटीच्या दिवसांत मदत करण्यापुरतीच मोकळीक आहे. म्हणजे कायद्यानेंही रेघ तेथेंच ओढली आहे, जेथें शहाण्या बापानें ओढावी. किलोवर मजुरी असली कीं आई आपल्याबरोबर लेकरास आणते, तेवढीच चार पैशांची भर पडते. तिला दोष देतां येत नाहीं. पण तोलण्याचा कांटा ज्याच्या हातांत आहे त्यास ‘शाळेच्या वेळेंत लेकरूं शेतांत नको’ असें म्हणतां येतें, आणि त्या बाईची पडती बाजू दरांत थोडीफार सांवरतां येते. सालदाराशीं आखाजीस जें सालाचें ठरतें, त्यांत धान्य, कपडे, उचल यांची बोलणीं होतात. ‘तुझीं मुलें शाळेंत जातील, त्यांचीं वह्यापुस्तकें मीं पाहीन’ हा एक शब्द त्यांत घालण्यास किती खर्च येईल? ज्या गांवांत निम्मीं मुलें वेचणीस व निम्मीं शाळेंत असतात, तेथें वर्ग पुढें सरकत नाहीं, आणि आपल्या मुलाचेंही त्यांत नुकसानच होतें.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, येत्या दसऱ्यापूर्वीं प्रत्येक गांवांतील शेतकऱ्यांनीं एकत्र बसून ठराव करावा कीं, चौदा वर्षांखालील कोणतेंही मूल, मग तें मालकाचें असो वा मजुराचें, शाळेच्या दिवशीं शाळेच्या वेळेंत कपाशींत उतरणार नाहीं. आपल्या मंडळानेंही वार्षिक सभेंत पहिल्या नंबरच्या मुलांचा सत्कार करतो तसाच, दिवाळी ते संक्रांत या काळांत ज्याची एकही गैरहजेरी नाहीं अशा मुलाचा व त्याच्या आईबापांचा मान करावा. गुण सर्वांस सारखे मिळत नाहींत. हजेरी मात्र प्रत्येक घराच्या हातची आहे.

वेचणी थोडी लांबली, मजुरीचे दोन पैसे अधिक गेले, एखाद्या पावसांत चार किलो कापूस भिजला, तर तें नुकसान पुढच्या हंगामांत भरून निघतें. पांचवींतलें मूल मात्र पुढच्या हंगामांत पुन्हा पांचवींतलें होत नाहीं. आमच्या बहिणीस हें सांगणारा त्या वर्षीं कोणी नव्हता. वाचकांस सांगणारा कोणी नव्हता असें उद्यां म्हणतां येऊं नये, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे. आतां दिवा लावून मुलास जवळ बोलवावें, आणि आज शाळेंत काय झालें तें विचारावें.